साथींचा काळ आणि देवळाची घंटा

देवळाची घंटा ही आपल्या ख्रिस्ती गावांची एक जुनी भाषा आहे. पहाटे, दुपारी आणि सांजवेळी ती देवदूताच्या निरोपाची प्रार्थना करावयास सांगते, रविवारी मिस्सेला बोलावते, लग्नाच्या दिवशी उल्हासाने वाजते. आणि गावातील कुणी देवाघरी गेले की तिचे ठोके सावकाश, अंतराअंतराने पडू लागतात. ते ऐकून शेतातला माणूस हातातले काम थांबवतो आणि चुलीपुढची बाई क्रूसाची खूण करते. कोण गेले हे अद्याप कळलेले नसते, पण आपल्यापैकीच कुणी गेले एवढे कळलेले असते.

साथीच्या रोगांचा इतिहास चाळताना ही घंटा आम्हांस पुन्हा पुन्हा भेटत गेली. कुठे ती मुद्दाम थांबवली गेली, कुठे पूर्वीपेक्षा अधिक वेळा वाजवली गेली. रोगाचे जंतू कुणी पाहिलेले नव्हते, औषध कुणापाशी नव्हते, अशा काळातही विचारी माणसांना दोन गोष्टी उमगल्या होत्या. साथीत देहाला देहापासून दूर ठेवावे लागते. मात्र मनाला मनापासून दूर ठेवून चालत नाही. ज्या समाजांनी हे दोन्ही साधले ते कमी खचले. ज्यांना यातील एकाचा विसर पडला त्यांनी त्याची मोठी किंमत मोजली. या दृष्टीने चार प्रसंगांकडे पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिला प्रसंग आपल्या शेजारच्या गोव्यातील, सन १५४३ चा. संत फ्रान्सिस झेवियर ज्या आरमाराबरोबर भारतात आले, त्याचे प्रमुख मार्तिम अफोन्सो द सौझा हे तेव्हा गव्हर्नर होते. त्या वर्षी गोवा शहरात एका भयंकर पोटाच्या रोगाची साथ उसळली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. रोग्याला असह्य वेदना होत, हातापायांत गोळे येत, डोळे खोल जात आणि थोड्याच वेळात सारे संपे. लक्षणांवरून हा पटकी म्हणजेच कॉलरा असावा, असे अभ्यासक मानतात. स्थानिक लोक त्यास 'मोडशी' म्हणत. हाच आपला शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी 'मोर्देशी' झाला, आणि पुढे फ्रेंचांनी ध्वनिसाम्यावरून त्याचे 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचे रूप करून टाकले. १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता यांनीही या रोगाची चर्चा केली आहे.

त्या साथीत गव्हर्नरांनी दोन आज्ञा दिल्या. एक अशी, की रुग्णालयात मरण पावलेल्या एका रोग्याचे शव सर्व वैद्यांसमक्ष उघडून रोगाचे कारण शोधावे. त्या काळाच्या मानाने ही आज्ञा विलक्षण म्हटली पाहिजे. वैद्यांना आकसलेल्या जठरावाचून फारसे काही आढळले नाही, परंतु कारण शोधण्याची वृत्ती तेथे होती. दुसरी आज्ञा घंटेविषयीची. दररोज इतकी माणसे मरत होती, की मृत्यूची घंटा थांबेचना. तिने लोकांच्या मनात धडकी भरू लागली. तेव्हा मृतांसाठी घंटा वाजवू नये, असा हुकूम निघाला.

या हुकुमामागील हेतू समजण्यासारखा आहे. भयाने माणूस अर्धा मरतो हे खोटे नाही. परंतु घंटा थांबल्याने मृत्यू थांबला नाही, तो केवळ मुका झाला. शेजारच्या घरी कोण गेले हे कळेनासे झाले, म्हणजे शेजाऱ्याचे दुःख वाटून घेण्याची वाटही बुजली. लोकांच्या मनाची काळजी तर घ्यावयाची, पण त्यासाठी मौनावाचून दुसरे साधन हाती नाही, अशी ती अवस्था होती.

दुसरा प्रसंग इटलीतील मिलान शहराचा. १५७६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे प्लेग आला. गव्हर्नर शहर सोडून गेले. धनिकांनी आपापल्या गावाकडच्या वाड्यांची वाट धरली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ तेव्हा शहराबाहेर होते. अनेक जण शहराबाहेर पडत असताना ते मात्र परत आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. त्यांनी आपले मृत्युपत्र केले आणि कामाला लागले. कारखाने आणि बाजार बंद पडल्याने हातावर पोट असणाऱ्यांची उपासमार होऊ लागली, तेव्हा त्यांनी अन्नवाटपाची व्यवस्था केली. थंडी पडू लागली, तेव्हा आपल्या निवासातील पडदे आणि भिंतींवरची भारी वस्त्रे उतरवून त्यांचे कपडे गरिबांसाठी शिवून घेतले. साथीत मनाचे आरोग्य राखावयाचे तर आधी पोटात घास आणि अंगावर वस्त्र असावे लागते, हे ते ओळखून होते.

ऑक्टोबरमध्ये चार्ल्स यांनी अनवाणी पायांनी, गळ्यात दोर अडकवून आणि हाती क्रूस घेऊन प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. साथीत अशी गर्दी करावी काय, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस नगराच्या अधिकाऱ्यांनी संपूर्ण शहराला घरांत राहण्याचा आदेश दिला. संतांचे मोठेपण आम्हांस या ठिकाणी अधिक जाणवते. मंदिरे ओस पडणार म्हणून त्यांनी त्या आदेशाशी भांडण मांडले नाही. लोक देवळात येऊ शकत नसतील तर देऊळ लोकांकडे गेले पाहिजे, असा मार्ग त्यांनी काढला.

शहरातील चौकाचौकांत वेद्या उभारण्यात आल्या. धर्मगुरू उघड्यावर मिस्सा अर्पण करू लागले आणि आजूबाजूच्या घरांतील माणसे आपापल्या खिडक्यांतून त्यात सहभागी होऊ लागली. धर्मगुरू दारोदार जाऊन उंबरठ्याबाहेरूनच पापनिवेदन ऐकत. दिवसरात्र मिळून सात वेळा घंटा वाजे. ती वाजली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे खिडक्यांपाशी येत आणि स्तोत्रे व लितानी म्हणत. एका बाजूने आवाज उठे, दुसऱ्या बाजूने प्रतिसाद येई. रस्ता रिकामा आणि खिडक्या भरलेल्या! घरात कोंडलेल्या माणसाला दिवस आणि रात्र सारखेच वाटू लागतात, वेळ संपता संपत नाही आणि चिंता वाढत जाते. अशा वेळी घंटेने त्याच्या दिवसाला आकार दिला. पुढच्या प्रार्थनेची वाट पाहता येऊ लागली. समोरच्या घरातली म्हातारी आजही खिडकीत आली, म्हणजे ती बरी आहे, हेही कळू लागले. गोव्यात तेहतीस वर्षांपूर्वी जी घंटा भयापोटी मुकी झाली होती, तिलाच येथे धीराचे साधन करण्यात आले.

शहराबाहेरील लाझारेट्टोची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. व्हेनिसच्या लोकांनी १४२३ साली एका बेटावर रोग्यांसाठी असे स्थान प्रथम उभारले. तेथील मारियेच्या मंदिराच्या नाझरेथ या नावावरून व संत लाझारसच्या नावावरून हा शब्द रूढ झाला असे म्हणतात. त्याआधी १३७७ साली रागुसा म्हणजे आजच्या दुब्रोवनिक बंदराने बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला होता. पुढे तीसाचे चाळीस दिवस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हे नाव पडले. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांची सवय असलेल्या ख्रिस्ती मनाला तो आकडा परका वाटला नसावा.

मिलानचा लाझारेट्टो म्हणजे एक विस्तीर्ण चौकोनी अंगण होते. त्याच्या चारही बाजूंना ओळीने दोनशे अठ्ठ्याऐंशी खोल्या आणि मधोमध वेदी होती. रोग्याला खोलीच्या दारातून मिस्सा दिसावी, अशी ती योजना होती. तेथील कारभार कापुचिन संघाचे पाओलो बेल्लिंतानी यांच्या हाती होता, आणि त्यांची शिस्त कडक होती. साथ ओसरल्यावर चार्ल्स यांनी मधल्या वेदीच्या जागी अष्टकोनी मंदिर बांधवण्याचे ठरवले. त्याच्या आठही बाजू खुल्या ठेवण्यात आल्या होत्या, म्हणजे कोणत्याही खोलीतून वेदीकडे नजर जावी. लाझारेट्टोचा बहुतेक भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडला गेला, परंतु ते मंदिर अद्याप उभे आहे. ज्याला स्पर्श करणे शक्य नाही त्याला निदान काही पाहता यावे, असा विचार करून विटा रचणारा वास्तुशिल्पी आणि त्याला तसे सांगणारा मेंढपाळ या दोघांविषयीही आदर वाटल्यावाचून राहत नाही.

त्या साथीत मिलानमध्ये सुमारे १७,००० माणसे दगावली. आकडा लहान नाही. परंतु त्याच साथीत व्हेनिसने याच्या दुपटीहून अधिक माणसे गमावली, हेही विसरता येत नाही. मृत्यूचे प्रमाण कमी राहण्यास विलगीकरण, स्वच्छता, नगराची शिस्त अशी अनेक कारणे असतील; प्रार्थनेने जंतू मेले असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र इतक्या माणसांनी इतके दिवस घरात राहणे सोसले, यात त्या सात घंटांचा वाटा होता असे आम्ही निश्चित मानतो. साथ संपल्यावरही चौकांतील त्या जागी क्रूसाचे स्तंभ उभे राहिले आणि आसपासची कुटुंबे सायंकाळी तेथे प्रार्थनेला जमू लागली. ज्यांच्या गावठाणात क्रूसापाशी लदीन होते, त्या आपल्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही.

तिसरा प्रसंग त्याच शहराचा, चोपन्न वर्षांनंतरचा. १६३० साली मिलानमध्ये पुन्हा प्लेग आला. आता आर्चबिशप होते फेदेरिको बोरोमिओ, संत चार्ल्स यांचे चुलतबंधू. तेही विद्वान, धर्मशील आणि दानशूर होते. परंतु या वेळी साथ आहे हेच मान्य करण्यास शहर बराच काळ तयार नव्हते. जे वैद्य सावध करीत, त्यांनाच लोकांच्या रोषाला तोंड द्यावे लागे. मग नगराच्या प्रतिनिधींनी आग्रह धरला, की संत चार्ल्स यांच्या अवशेषांची महामिरवणूक काढावी. फेदेरिको यांनी आधी नकार दिला. गर्दीने रोग वाढेल हे त्यांना दिसत होते. पण आग्रहापुढे अखेर त्यांनी मान तुकवली. ११ जून १६३० रोजी ती मिरवणूक शहरभर फिरली, आणि लगेच पुढच्या दिवसांत मृतांची संख्या भयानक वाढली. अखेरीस शहराची सुमारे निम्मी वस्ती नष्ट झाली.

दुःखाची गोष्ट पुढेच आहे. मिरवणुकीमुळे रोग पसरला असे मानण्याऐवजी लोकांनी दुसरा अर्थ लावला: गर्दीत शिरून कुणी दुष्टांनी भिंतींना आणि कपड्यांना विषारी लेप लावला असला पाहिजे. त्याच उन्हाळ्यात आरोग्य खात्याचा एक कर्मचारी ग्युलिएल्मो पियात्सा आणि न्हावी जानजाकोमो मोरा यांना या संशयावरून पकडण्यात आले. छळ करून त्यांच्याकडून कबुली घेतली गेली आणि १ ऑगस्ट रोजी त्यांना क्रूरपणे ठार मारण्यात आले. मोराचे घर पाडून तेथे त्याच्या बदनामीचा स्तंभ उभारला गेला. तो १७७८ पर्यंत तसाच होता. पुढे त्याच मिलानचे कॅथोलिक कादंबरीकार अलेस्सांद्रो मान्झोनी यांनी या साथीचे आणि या अन्यायाचे वर्णन करून आपल्या शहराला आरसा दाखवला.

एकाच शहरात, एकाच घराण्यातील दोन सत्पुरुषांच्या कारकिर्दीत हे घडले. १५७६ साली भक्तीने विलगीकरणाचा हात धरला. १६३० साली भक्तीला विलगीकरणाविरुद्ध उभे करण्यात आले. आणि मन सैरभैर झाले की ते कोणावर तरी दोष ठेवण्यासाठी माणूस शोधू लागते, हेही तेथे दिसले. साथीत मनाचे आरोग्य म्हणजे केवळ आपल्या मनाची शांती नव्हे. शेजाऱ्याविषयी विष मनात शिरू न देणे हाही त्या आरोग्याचाच भाग होय.

चौथा प्रसंग मुंबईचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथोलिक डॉक्टरांनी काही रोग्यांना तपासून हा प्लेग असल्याचे स्पष्ट सांगितले. ते ऐकून घेण्यास सारेच उत्सुक नव्हते, कारण बंदराच्या व्यापारावर त्याचा परिणाम होणार होता. परंतु त्यांचे निदान खरे ठरले. पुढे १९०६ साली हेच डॉक्टर मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, आणि मेट्रो चित्रपटगृहासमोरचा त्यांचा पुतळा अनेक वाचकांनी जाता येता पाहिला असेल. निरोगी राहण्याची पहिली पायरी सत्य ऐकून घेण्याची असते, याची आठवण त्या पुतळ्याने आपल्याला करून द्यावी.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी शोधला होता. तो उंदरांच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ज्ञान असे झपाट्याने पुढे जात होते. तरीही शहर हादरले होते. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या जवळ असलेल्या मुंबईतून १८९७ च्या आरंभापर्यंत निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या आणि रोग्याला घरच्यांपासून तोडून रुग्णालयात नेले जाऊ लागले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्लाही केला. पुण्यात तर तपासणीच्या जुलमाचा शेवट जून १८९७ मध्ये रँडसाहेबाच्या वधात झाला.

येथे देहाच्या विलगीकरणाची सक्ती होती, परंतु लाझारेट्टोच्या मधोमध असलेली वेदी नव्हती. आपला माणूस कोठे आहे, कसा आहे, त्याच्या उशाशी कोणी आहे की नाही, हे घरच्यांना कळत नव्हते. निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली आणि रोग्याभोवती ओळखीचे चेहरे दिसू लागले, तेव्हा तेथे जाण्याची लोकांची भीती काहीशी कमी झाली. त्याच मार्च महिन्यात, १० तारखेस, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मरण आले. सेवेची परंपरा कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही, हे आपण ख्रिस्ती लोकांनी नम्रपणे ध्यानी ठेवले पाहिजे.

याच वर्षांत वांद्रे आणि साष्टीच्या गावठाणांत क्रूस उभे राहिले. प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून, किंवा रक्षण झाले याबद्दल कृतज्ञता म्हणून, पाखाडीतल्या कुटुंबांनी ते उभारले. कित्येकांवर त्या काळातील साल कोरलेले आहे. आज त्यांच्या आजूबाजूने रिक्षा आणि मोटारी धावतात, आणि नव्या पिढीतील अनेकांना ते केवळ जुने दगड वाटतात. परंतु ज्या घरांत उंदीर मरून पडत होते, त्या कोंदट घरांतून बाहेर येऊन, उघड्या आकाशाखाली, शेजाऱ्यांसह जपमाळ म्हणण्याचे ते स्थान होते. ज्यांनी हे क्रूस उभारले त्यांनी मिलानच्या चौकांतील वेद्यांविषयी ऐकले असेल किंवा नसेल. एकाच श्रद्धेने दोन ठिकाणी सारखाच उपाय शोधला, एवढे मात्र खरे.

आणि मग आपण स्वतः पाहिलेला काळ येतो. मार्च २०२० मध्ये आपल्या चर्चचे दरवाजे बंद झाले. पवित्र आठवडा घरात बसून पाळावा लागला. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पावसाने भिजलेल्या, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले. त्यांनी तेथे आणवलेला लाकडी क्रूस सान मार्चेल्लो मंदिरातील होता. १५२२ च्या प्लेगमध्ये तोच रोमच्या रस्त्यांतून फिरवला गेला होता. या वेळी क्रूस चौकात होता आणि लोक आपापल्या घरी दूरचित्रवाणीसमोर होते. खिडकीची जागा पडद्याने घेतली होती. बंद दरवाजे म्हणजे श्रद्धेचा पराभव, असे त्या दिवसांत अनेकांना वाटले. इतिहास पाहिल्यावर तसे वाटण्याचे कारण उरत नाही. संत चार्ल्स यांच्या मिलानमध्येही लोक मंदिरात जाऊ शकत नव्हते, आणि त्या वर्षाची आठवण ख्रिस्तसभा अभिमानाने जपते.

मात्र एक काम आपल्या हातून राहून गेले आहे, असे आम्हांस वाटते. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या कित्येक धर्मग्रामांतील माणसे मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत, कधी त्यांच्याही अनुपस्थितीत, मातीआड झाली. शेवटचे मुखदर्शन झाले नाही, सांत्वनाला कोणी येऊ शकले नाही. गोव्याच्या त्या मुक्या घंटेसारखेच ते मृत्यू होते. ज्या दुःखाला त्या वेळी वाट मिळाली नाही, ते अजून अनेक घरांत न बोलता बसले आहे. कुणाला झोप लागत नाही, कुणाला आपण वेळेवर पोहोचलो नाही ही बोचणी छळते. अशांना वैद्यकीय सल्ला घेण्याची गरज असेल तर त्यात कमीपणा मानू नये, डॉ. व्हिएगस यांच्यासारखा खरे सांगणारा वैद्य हीदेखील देवाचीच देणगी आहे. त्याबरोबर समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे.

हे काम फार अवघड नाही. प्रत्येक धर्मग्रामाने त्या दोन वर्षांत देवाघरी गेलेल्यांची यादी मृत्यूच्या नोंदवहीतून काढावी. पाखाडीच्या क्रूसापाशी, शेजाऱ्यांना जमवून, ती नावे एकेक करून मोठ्याने वाचावीत आणि प्रत्येक कुटुंबाला आपल्या माणसाविषयी दोन शब्द बोलू द्यावेत. आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्यांच्यासाठी देवळाची घंटा सावकाश, अंतराअंतराने, पूर्ण वाजू द्यावी. उशीर झाला आहे हे खरे. पण ज्यांच्यासाठी ती वाजायची राहिली, त्यांच्या घरी ती आजही ऐकली जाईल.